बिनखेळी पगार

दुसऱ्याचा पगार हा मध्यमवर्गीय माणसाचा फार जिव्हाळ्याचा विषय आहे. स्वतःचा पगार तो बायकोलाही 'साधारण' सांगतो. पण शेजाऱ्याचा मात्र त्याला मूळ वेतन, महागाई भत्ता आणि घरभाडं यांसकट तोंडपाठ असतो. मुलीसाठी स्थळ बघताना मुलाचा पगार विचारतात, हे एक वेळ समजू शकतं. पण स्मशानात, चितेला अग्नी दिल्यावर दोन पावलं मागे सरून, "कितीवर रिटायर झाले होते हो?" असं हळूच विचारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना तितक्याच हळू आवाजात उत्तर देणारेही पाहिले आहेत. आणि उत्तर बहुधा बरोबर असतं.

या विषयात माझा अधिकार मोठा आहे. तेहेतीस वर्षं मी एका कचेरीत पगारपत्रकं केली. कुणाची किती उचल आहे, कुणाच्या पगारातून पतपेढीचा हप्ता जातो, कोण वीस तारखेपासूनच माझ्या टेबलाशी घुटमळायला लागतो, हे सगळं मला ठाऊक असे. त्या अनुभवातून मी एक सिद्धांत काढला आहे. माणूस राबत असतो तोवर त्याचा पगार हा त्याचा खासगी मामला असतो. त्याचं काम थांबलं, की तोच पगार सार्वजनिक होतो. मग ज्याला त्याला एकच प्रश्न पडतो: "बसून घेतो की काय?"

हा सिद्धांत मी इतकी वर्षं फक्त आमच्या कचेरीपुरता समजत होतो. २०२० साली तो जागतिक आहे असं सिद्ध झालं, आणि तेही फुटबॉलमुळे.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये सगळं जगच बसलं. आम्हीही बसलो. माझा पुतण्या दोन दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आला होता, तो टाळेबंदीमुळे अडीच महिने राहिला. हा मुलगा लिव्हरपूल या फुटबॉल क्लबाचा भक्त. भक्त म्हणजे पंढरीच्या वारकऱ्यानं जितकं असावं तितका. लिव्हरपूलला इंग्लंडमधलं लीगचं विजेतेपद १९९० नंतर मिळालेलं नव्हतं. त्या वर्षी ते चक्क २५ गुणांनी पुढे होते. तीस वर्षांची वारी संपत आलेली, कळस दिसायला लागलेला, आणि १३ मार्चला इंग्लंडनं फुटबॉल बंद केला! पुतण्यानं दोन दिवस अन्न गोड मानलं नाही. आमची ही मला म्हणाली, "त्याला काहीतरी बोला. मुलगा खंगत चाललाय."

आता मी मूळचा कोल्हापूरचा. कोल्हापुरात फुटबॉल कळायला पुस्तक वाचावं लागत नाही. पेठेत जन्म झाला की पुरतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार असा सामना असला, की त्या दिवशी सख्ख्या मेव्हण्यांतही बोलणं बंद असतं. पण आमच्या लहानपणी खेळाडूचा पगार हा प्रकार ठाऊक नव्हता. जिंकलात तर मिसळ, हरलात तर तालमीकडे फिरकायचं नाही, एवढाच करार. त्यामुळे पुतण्याशी फुटबॉलवर बोलता बोलता मी माझ्या जुन्या वळणावर गेलो आणि विचारलं, "काय रे, खेळ बंद आहे, मग या लोकांच्या पगाराचं काय?"

पुतण्यानं मोबाइल काढला आणि आकडे सांगायला सुरुवात केली. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमधल्या खेळाडूचा सरासरी पगार तेव्हा वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर होता. मी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर भागाकार केला, मग गुणाकार केला. आठवड्याला साधारण ५५ लाख रुपये. आठवड्याला! आमच्या कचेरीत अख्ख्या मजल्याचं पगारपत्रक करताना मी कधी एवढी शून्यं काढली नव्हती.

"आणि हा पगार चालू आहे?"

"चालूच राहणार काका. करार आहे."

हा करार मी नीट समजून घेतला, कारण त्यात माझ्या धंद्याची गोडी होती. फुटबॉलपटू हा रोजंदारीवरचा माणूस नसतो. तीन, चार, पाच वर्षांसाठी तो बांधलेला असतो आणि त्या काळात खेळ होवो न होवो, पगार द्यावाच लागतो. कापायचा असेल तर त्याची सही लागते. बरं, नाही दिला तर? आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचा नियम असा, की दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार मोडू शकतो आणि फुकटात दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो. आता क्लबानं तर त्याला आणताना कोट्यवधी पौंड मोजलेले असतात. ती रक्कम हिशेबाच्या वहीत मालमत्ता म्हणून मांडलेली असते आणि करार जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांत विभागून दर वर्षी खर्ची टाकली जाते. म्हणजे सरळ भाषेत, खेळाडूवर घसारा धरतात. आमच्याकडे कपाटं, पंखे आणि टंकलेखन यंत्रं यांच्यावर धरायचे तसा! पगार थकला, की ते कपाट पायानं चालत शेजारच्या घरात जाणार. म्हणून क्लबांची तंतरली होती.

आणि क्लबांकडे शिल्लक असेल असं वाटत असेल, तर तेही सोडा. २०१८-१९ च्या हंगामात प्रीमिअर लीगच्या वीस क्लबांची मिळून मिळकत ५०० कोटी पौंडांच्या वर होती, आणि त्यातले शंभरातले साठेक पौंड पगारावरच जात होते. त्याच्या खालच्या पायरीवर चॅम्पियनशिप नावाची लीग आहे. तिथला त्या वर्षीचा हिशेब ऐकून मी पुतण्याला दोनदा विचारलं. शंभर पौंड मिळकत आणि पगाराचा खर्च १०७ पौंड! अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण विकून पाय विकत घेतले होते. का? तर वरच्या लीगमध्ये चढलो की टीव्हीचे पैसे मिळतील, या आशेवर. लॉटरीच्या तिकिटासाठी घर गहाण टाकणारा आमच्या कचेरीत एक शिपाई होता. त्याला सगळे वेडा म्हणत. बिचारा चुकीच्या देशात जन्मला. तिथे क्लबाचा अध्यक्ष झाला असता.

या क्लबांना पैसा तीन दारांनी येतो: मैदानाच्या फाटकातून, टीव्हीतून आणि जाहिरातीतून. वरच्या क्लबांचं मुख्य दार टीव्हीचं. सामने झालेच नाहीत, तर सगळ्या क्लबांनी मिळून टीव्हीवाल्यांना ७६ कोटी पौंडांच्या आसपास परत करावे लागतील, असं सांगितलं जात होतं. बर्नली या छोट्या क्लबाच्या अध्यक्षांनी तर सांगूनच टाकलं, की हंगाम पुरा झाला नाही तर ऑगस्टपर्यंत आमची थैली रिकामी होईल. खालच्या लीगवाल्यांचं मुख्य दार मात्र फाटकाचं. शनिवारी दोन-चार हजार माणसं तिकीट काढून आली, त्यांनी चहा आणि खारी पै खाल्ली, तर महिनाअखेर पगार निघतो. फाटकच बंद झाल्यावर त्यांच्या गल्ल्यात उरलं काय? खालच्या तीन लीगचे प्रमुख रिक पॅरी यांनी त्या मे महिन्यात खासदारांच्या समितीपुढे सांगितलं, की सप्टेंबरपर्यंत २० कोटी पौंडांचं भगदाड पडेल, आणि १,४०० खेळाडूंचे करार जूनअखेर संपताहेत. म्हणजे आठवड्याला ५५ लाख घेणारे आणि जुलैपासून बिनपगारी होणारे, दोघांचाही धंदा एकच. दोघांनाही आपण 'फुटबॉलपटू' म्हणतो. वकील म्हटलं की हायकोर्टातला आठवतो. वडाच्या झाडाखाली प्रतिज्ञापत्रं लिहिणारा आठवत नाही, तसंच.

एप्रिल उजाडला तसा हा विषय आमच्या सोसायटीतही पसरला. आमच्या खाली एक गृहस्थ राहतात; त्यांना आपण सोयीसाठी 'दुसरा मजला' म्हणू. ते गॅलरीत उभे राहून वर बघून बोलत, आम्ही खाली बघून ऐकत असू. २ एप्रिलला इंग्लंडचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक म्हणाले, की फुटबॉलपटूंनी आपला पगार कमी करून घ्यावा आणि वाटा उचलावा. दुसऱ्या दिवशी लीगनं ३० टक्के कपातीचा प्रस्ताव मांडला. ६ एप्रिलला आपल्या केंद्र सरकारनंही खासदारांच्या वेतनात वर्षभर ३० टक्के कपात जाहीर केली. तीस टक्के हा आकडा त्या आठवड्यात साथीसारखाच पसरला होता.

"बरोबर आहे!" दुसरा मजला गरजला. "आठवड्याला पंचावन्न लाख! तेही बसून! लाज वाटली पाहिजे."

पण खेळाडूंची संघटनाही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं कागद-पेन्सिल घेऊन उत्तर दिलं: ३० टक्के कपात वर्षभर केली तर पगार ५० कोटी पौंडांहून अधिक घटेल, पण त्यावरचा कर बुडून सरकारचं नुकसान होईल २० कोटी पौंडांचं. म्हणजे ज्या दवाखान्यांसाठी पगार कापा म्हणता, त्या दवाखान्यांचाच पैसा कापला जाणार. आणि उरलेला? तो क्लबाच्या मालकाच्या खिशात राहणार. माझ्या तेहेतीस वर्षांत असा बिनतोड अर्ज एकाही कर्मचाऱ्यानं केला नव्हता. मी पेन्सिल खाली ठेवून मनातल्या मनात 'मंजूर' असं लिहिलं. नंतर ८ एप्रिलला लिव्हरपूलचा कप्तान जॉर्डन हेंडरसन आणि इतर क्लबांचे कप्तान यांनी मिळून दवाखान्यांसाठी स्वतःच निधी उभा केला. क्लबाच्या मार्फत नाही, परस्पर. देतो, पण पावती आमच्या नावाची, असा बाणा.

खरी गंमत मालकांची. इंग्लंड सरकारनं तेव्हा एक योजना काढली होती. धंदा बंद पडल्यामुळे ज्यांना घरी बसवलं, त्यांचा ८० टक्के पगार, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देणार. योजनेला लोक 'फर्लो' म्हणत. आमच्या हिनं हा शब्द ऐकला आणि दचकून विचारलं, "अगं बाई, इंग्लंडचे कारकून तुरुंगात होते की काय?" कारण आपल्याकडे फर्लो म्हणजे येरवड्याच्या कैद्याला मिळणारी रजा. मी तिला समजावलं, की उलटं आहे. इथे कैदी फर्लोवर घरी येतो; तिथे माणसाला घरात कोंडलं की त्याला फर्लो म्हणतात.

तर ही योजना हॉटेलं आणि दुकानं वाचवायला काढलेली. ती घ्यायला रांगेत कोण येऊन उभं राहिलं? टॉटनहॅम. ज्यांनी नुकतंच १०० कोटी पौंडांच्या घरातलं नवं मैदान बांधलं, ते! ३१ मार्चला त्यांनी न खेळणाऱ्या ५५० जणांचा पगार २० टक्के कापला; आणि त्याच सुमारास हिशेबाची कागदपत्रं बाहेर आली, त्यात अध्यक्षांना आदल्या वर्षी ७० लाख पौंड मिळाल्याची नोंद. ४ एप्रिलला लिव्हरपूलही त्या रांगेत आलं. आदल्या हंगामातला करपूर्व नफा ४ कोटी २० लाख पौंड! खेळाडूंचा पगार पूर्ण, आणि तिकीट विकणाऱ्या बाईच्या पगारासाठी सरकारकडे हात पसरलेला.

पुतण्या त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलला नाही. हरलेल्या सामन्यानंतरही तो असा दिसत नसे. तिथल्या भक्तांचंही तेच झालं असावं, कारण त्यांनी इतका गिल्ला केला की ६ एप्रिलला लिव्हरपूलनं माफी मागून निर्णय फिरवला. टॉटनहॅमनं १३ एप्रिलला फिरवला. त्या रात्री पुतण्यानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. देव चुकला तर त्याचा कान धरणारे भक्त अजून आहेत, याचा मलाही आनंद झाला.

बाकी युरोपात निरनिराळे नमुने होते. जर्मनीत ग्लाडबाखच्या खेळाडूंनी कुणी सांगण्याआधी पगार सोडतो म्हणून सांगितलं. स्वित्झर्लंडमध्ये सिऑन क्लबानं कमी पगाराच्या कागदावर सही केली नाही म्हणून नऊ खेळाडूंना घरी पाठवलं. बार्सेलोनात मेस्सी आणि मंडळींनी ७० टक्के कपात घेतली, शिवाय कचेरीतल्या लोकांना पूर्ण पगार मिळावा म्हणून पदरचे पैसेही घातले. आणि इटलीतल्या युव्हेंटसनं जाहीर केलं, की खेळाडूंनी चार महिन्यांचा पगार सोडला, क्लबाचे ९ कोटी युरो वाचले. जगानं टाळ्या वाजवल्या. पुढे चौकशी सुरू झाली तेव्हा आरोप असा झाला, की सोडला होता एकाच महिन्याचा. उरलेल्या तीन महिन्यांचा मागाहून द्यायचा, असे खासगी कागद आधीच झाले होते. मे २०२३ मध्ये क्लबानं तडजोडीत ७ लाख १८ हजार युरो दंड भरला आणि प्रकरण मिटवलं.

हे वाचून माझे डोळे पाणावले. म्हणजे 'फरक' मिळणार होता! कपात आणि फरक यांतलं अंतर पगारपत्रकवाल्याइतकं कुणाला कळणार? कपात म्हणजे गेलं ते गेलं. फरक म्हणजे आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा. पण त्या आशेवर बायकोला पाटल्या कबूल करता येतात. आपल्या महाराष्ट्रातही ३१ मार्च २०२० ला हेच झालं होतं. मंत्री-आमदारांना ४० टक्के, अ आणि ब वर्गाला निम्मं, क वर्गाला ७५ टक्के, आणि ड वर्गाला मात्र पूर्ण पगार, असं जाहीर झालं. कचेऱ्या-कचेऱ्यांत 'कपात! कपात!' असा हलकल्लोळ उठला. मग खुलासा आला, की कपात नाही, दोन टप्प्यांत देणार. हलकल्लोळ विझला. शिपायाला पूर्ण आणि साहेबाला निम्मा, हा हिशेब मात्र मला आवडला. बड्या क्लबांना हे सुचलं नाही, ते आमच्या मंत्रालयाला सुचलं. मंत्रालयाबद्दल असं लिहायची संधी पुन्हा येईलसं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

पैसे उभे करण्याच्या युक्त्याही एकेक नामी निघाल्या. ग्लाडबाख क्लबानं १९ युरोंत प्रेक्षकाचा पुठ्ठ्याचा पुतळा करून खुर्चीवर बसवून दिला. हजारो लोकांनी आपापले पुतळे बसवले. मला वाटतं, आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला ही सोय करावी; कोरम तरी भरेल, आणि चर्चेचा दर्जा खालावणार नाही. पण सगळ्यांवर ताण केली लाइपझिगच्या लोकोमोटिव्ह क्लबानं. चौथ्या पायरीवरचा गरीब क्लब. त्यांनी एका अदृश्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्याची तिकिटं काढली, एक युरोला एक. सामना नाही, प्रतिस्पर्धी नाही, खुर्ची नाही, फक्त तिकीट. पावणेदोन लाखांहून अधिक विकली गेली!

दुसरा मजला म्हणाला, "मूर्ख लोक."

मी काही बोललो नाही. पण त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती बसवली नाही, रक्तदानाचं शिबिर घेतलं, आणि तरी लोक गेलेच की! आमच्या गल्लीतल्या मंडळालाही न बसलेल्या गणपतीची वर्गणी मी स्वतः दिली आहे, आणि पावती जपून ठेवली आहे. प्रेम असलं की माणूस दर्शनाचे पैसे देत नाही. देव पुढच्या वर्षी जाग्यावर असावा, याचे देतो.

आता हे फुटबॉलचे पगार पूर्वीपासूनच असे डोळे फिरवणारे होते असं नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, तेव्हा इंग्लंडची लीग तीन सामन्यांनंतर बंद पडली आणि खेळाडूंचे करार रद्द झाले. कुणी पौंडभर रकमेसाठी निवेदन काढलं नाही. सरळ कारखान्यात नाही तर पलटणीत गेले. पुढेही १९६१ पर्यंत पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती: आठवड्याला २० पौंड. कितीही गोल करा, वीसच. जिमी हिल या खेळाडूंच्या पुढाऱ्यानं संपाची धमकी दिली तेव्हा ती उठली, आणि जॉनी हेन्स हा आठवड्याला १०० पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. त्या वेळीही कुठल्या तरी दुसऱ्या मजल्यानं गॅलरीत येऊन "शंभर पौंड! लाज वाटली पाहिजे!" असं ओरडून सांगितलं असणारच. दुसरा मजला हा सर्व देशांत आणि सर्व काळांत असतो.

आमच्या दुसऱ्या मजल्याचं पुढे काय झालं ते सांगतो. सोसायटीनं मावशींना, म्हणजे घरकामाला येणाऱ्या बायकांना, फाटकाच्या आत यायला बंदी केली. गाडी धुणारा मुलगाही बंद. एप्रिलची पाच तारीख आली तेव्हा सोसायटीच्या गटावर प्रश्न निघाला: यांना पगार द्यायचा का? दुसरा मजला म्हणाला, "गाडी बाहेर निघालीच नाही, तर धुवायची कशाला? आणि धुतलीच नाही, तर पैसे कशाचे? मी त्याला सांगितलं, पुढच्या महिन्यात बघू." त्या मुलाचे महिन्याचे सहाशे रुपये.

आमची ही गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती वाकून म्हणाली, "भाऊजी, फाटक आपण लावलं ना? तो तर यायला तयार होता."

बस्स. एवढंच. इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या संघटनेला जे सांगायला दोन पानं लागली, ते हिनं चिमटे तोंडात धरून सांगितलं. दुसऱ्या मजल्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि तो आत गेला. संध्याकाळी सहाशे रुपये गेले, असं पुतण्यानं सांगितलं. त्यानंच पाठवून दिले होते फोनवरून. दुसऱ्या मजल्याला ते तंत्र येत नव्हतं. आमच्या मावशींचा पगार हिनं एक तारखेलाच पोहोचवला होता. वर म्हणाली, "त्यात कसलं आलंय दान? पगार कामाचा नसतो, महिन्याचा असतो. महिना काय थांबलाय का?" तेहेतीस वर्षं पगारपत्रकं करून मला जी व्याख्या सापडली नव्हती, ती ही.

फुटबॉल मग सुरू झाला. जर्मनीत १६ मेला, इंग्लंडमध्ये १७ जूनला, रिकाम्या मैदानांत. जूनअखेर लिव्हरपूल जिंकलं. पुतण्या रात्री ओरडला तेव्हा आमची ही चोर आला समजून लाटणं घेऊन उठली. पण पैशाची साथ आटोपली नव्हती. आर्सेनलनं आधी खेळाडूंचा पगार साडेबारा टक्के कमी केला, मग ऑगस्टमध्ये ५५ जणांच्या नोकऱ्या काढत असल्याचं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये तर क्लबाच्या शुभंकरालाच, म्हणजे सामन्याआधी हिरव्या डायनोसॉरचं सोंग घेऊन मुलांशी हात मिळवणाऱ्या, २७ वर्षं नोकरी झालेल्या माणसालाही नारळ दिला. कारण प्रेक्षकच नाहीत. आणि त्याच दिवसांत एका खेळाडूसाठी साडेचार कोटी पौंड मोजले! तेव्हा मेसूत ओझिल या खेळाडूनं जाहीर केलं, की मी या क्लबात आहे तोवर डायनोसॉरचा पगार मी देतो. हा तोच ओझिल, ज्यानं पगारकपातीला नकार दिला म्हणून त्याला नावं ठेवली गेली होती. आता सांगा, कोण लोभी आणि कोण उदार? पगाराच्या आकड्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे मी कचेरीत शिकलो होतो. तिथे मला त्याचा डायनोसॉर भेटला. नोव्हेंबरात डायनोसॉर परतला.

आणि एक गोष्ट आमच्या मुंबईतली. घानाचा २३ वर्षांचा एक फुटबॉलपटू केरळातल्या एका क्लबाकडून खेळायला आलेला. परत जाताना विमानं बंद झाली आणि तो मुंबईच्या विमानतळावरच अडकला. सत्तरहून जास्त दिवस तो तिथेच राहिला. सुरक्षारक्षक आणि विमानतळावरची माणसं देतील ते खाऊन. जूनमध्ये बातमी बाहेर फुटल्यावर त्याची हॉटेलात सोय झाली. त्याच्यासाठी कुठली संघटना आकडेमोड करत नव्हती, कुठला मंत्री त्याला पगार सोड म्हणत नव्हता. सोडायला हातात असावं लागतं.

ऑक्टोबरात आमच्या मावशी पुन्हा कामावर यायला लागल्या. सात घरं होती. तिघांनी पूर्ण दिला होता, दोघांनी निम्मा, दोघांनी काही नाही. हे त्यांनी कुठल्याही तक्रारीशिवाय, भांडी विसळता विसळता सांगितलं. मग मी, करमत नव्हतं म्हणून, त्यांना मेस्सीची गोष्ट सांगितली. जगातला मोठा खेळाडू, पण टाळेबंदीत त्यानं शंभरातले सत्तर रुपये सोडले, आणि कचेरीतल्या लोकांचा पगार पूर्ण करून दिला.

मावशींचे हात थांबले.

"म्हणजे तीसच रुपये घरी नेले?"

"तीसच."

"मुलं आहेत का हो काका त्याला?"

"तीन."

मावशींनी नळ बंद केला आणि माझ्याकडे वळून अगदी काळजीनं विचारलं, "मग भागलं का हो त्यांचं?"